मदत हवी आहे: भावाचं पोटॅशियम २.१, उलट्या आणि लपवलेला गांजा

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ (वय २६) पुण्यात ॲडमिट आहे. सकाळी त्याला पलंगावरून उठताच येईना, मांड्यांत ताकदच नाही. आम्हाला वाटलं लकवा. रक्तात पोटॅशियम निघालं २.१, साधारण ३.५ च्या वर हवं. ईसीजीही बिघडलेला. सलाईनमधून पोटॅशियम चालू आहे, आता उठून बसतोय. थायरॉईडमुळेही असा लुळेपणा येतो म्हणे, पण तो रिपोर्ट नॉर्मल आहे.

वर्षभर त्याला अधूनमधून उलट्यांचा झटका येतो, मग पाणीही पोटात ठरत नाही. एंडोस्कोपीत काही सापडलं नाही, ॲसिडिटीच्या गोळ्यांवर चाललंय. झटका आला की कढत पाण्याच्या शॉवरखाली तासन्‌तास बसतो, तेवढ्यानेच बरं वाटतं म्हणतो. आईचं आपलं गीझर आणि वीजबिल.

काल रात्री त्याने फक्त मला सांगितलं, कॉलेजपासून रोज गांजा ओढतो. शोधलं तर कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस (गांजाच्या दीर्घ सवयीने होणाऱ्या उलट्या) सापडलं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मांडलेला आजार, आणि त्यात गरम पाण्याचं हे वेड जसंच्या तसं!

डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस केस होईल का? गांजाने मळमळ थांबते असं त्याचे मित्र ठासून सांगतात, मग हे उलटं कसं? आणि घरी शहाळं-केळी देऊन भागेल का?

प्रतिसाद:

मेडिसिन वॉर्डात काम करतो. आजच सांगा, भाऊ एकटा असताना. पेशंट गांजा ओढतो एवढ्यावरून आम्ही कुणी पोलिसांना कळवत नाही. शिवाय एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ आपणहून व्यसनाचे उपचार घेणाऱ्याला संरक्षण देतं.

मित्र अर्धं खरं सांगतात. थोड्या गांजाने मळमळ दबते, वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना त्यानेच उलट्या सुरू होतात. उलटीतून आम्ल जातं आणि मग मूत्रपिंडं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकत राहतात. उलटीची नेहमीची इंजेक्शनं यात फारशी लागू पडत नाहीत, म्हणून तर खरं कारण डॉक्टरांना कळायला हवं. गांजा पूर्ण सुटला तरच हे थांबतं, पुन्हा ओढला की परत येतं.

२.१ ला शहाळं पुरणार नाही. घरी कुठलं औषध किती, ते डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या, मनाने पोटॅशियमचं सिरप वाढवू नका. जास्त झालं तरी हृदयाला धोका असतो. मॅग्नेशियम तपासलंय का? ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी चढत नाही. लघवीतल्या पोटॅशियमचा रिपोर्ट असेल तर तोही इथे टाका.