किल्ला पुरतात का?

प्रश्न : विंदोलांडावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. उत्तर इंग्लंडातलं, हेड्रियनच्या भिंतीजवळचं रोमन लष्करी ठिकाण. मी लिहिलं, 'जमिनीत पुरलेला रोमन किल्ला'. बाबा म्हणाले, "पुरतात ते मढं, नाहीतर मोहरांचा हंडा. किल्ला कोण पुरतं?" दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. पुरायला कुणीतरी पुरणारा लागतो. सरळ 'मातीखाली गेलेला' लिहा. आणि 'किल्ला' म्हटलं की आपल्याला राजगड दिसतो. इथलं पहिलं बांधकाम इ.स. 85च्या सुमाराचं, तेही लाकडी. 'छावणी' म्हणा.

उत्तर : छावणी नको. छावणं म्हणजे शाकारणं. फौजा पावसाळ्यापुरती छावणी करत. इथे तर संसार होते! इ.स. 100च्या आसपास क्लाउदिया सेवेरा या दुसऱ्या एका सेनाधिकाऱ्याच्या बायकोनं इथल्या सेनाधिकाऱ्याच्या बायकोला, लेपिदिनाला, 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं धाडलं, पातळ लाकडी पट्टीवर शाईनं. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. लहान मुलांचे चामडी जोडेही सापडलेत. म्हणून 'ठाणं', आणि आतल्या फौजेला 'शिबंदी'.

उत्तर : 'ठाणं' पटलं. 'मातीखाली गेलेलं' मात्र नाही. इथे पुरणारे खरोखरच होते! नवी बांधणी करताना रोमन लोक जुनी लाकडी घरं पाडून त्यावर चिकणमाती आणि गवताची ढेकळं पसरत. अशी किमान नऊ ठाणी एकावर एक आहेत. खाली हवा पोचली नाही म्हणून लाकूड, चामडं, शाई टिकली. 1973 साली इथं उत्खनन करणाऱ्या रॉबिन बर्ली यांना एकमेकींना चिकटलेल्या दोन पातळ पट्ट्या मिळाल्या. उकलल्या तर आत अक्षरं. विहीर बुजवतात तसं हे 'बुजवलेलं ठाणं'.

उत्तर : आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरीचं टेकाड' म्हणतात, ते चालेल का?

उत्तर : नाही हो, पांढर राखाडी, भुसभुशीत. इथला थर काळा, ओला.

मूळ प्रश्नकर्ती : 'बुजवलेलं ठाणं' घेते. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "चला, हंडा नाही तरी चिठ्ठ्या निघाल्या." आता पुढची अडचण. एका पत्रात मोजे, दोन जोड चपला आणि दोन 'सुब्लिगारिया' पाठवल्याचा उल्लेख आहे. लंगोट लिहू की चड्ड्या?