देवयानीशी टक्कर होणारच, असे मुलांना सांगावे का?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील वाचनालयात आकाशनिरीक्षणावर व्याख्यान झाले. आणखी 4 अब्ज वर्षांनी देवयानी (अँड्रोमेडा) ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आपल्या आकाशगंगेवर आदळणार, असे वक्त्यांनी मुलांना ठामपणे सांगितले आणि मुलांचे डोळे विस्फारले. हा ठामपणा आता सोडावा, असे माझे मत आहे. हबल दुर्बिणीच्या मापनांवरून 2012 मध्ये तसा निष्कर्ष निघाला होता, हे खरे. परंतु 2025 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील टिल सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मॅगेलनी मेघाचे (आकाशगंगेजवळच्या एका लहान दीर्घिकेचे) ओढणेही हिशेबात धरले, तेव्हा पुढील 10 अब्ज वर्षांत हे विलीनीकरण होण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरली. देवयानी सेकंदाला सुमारे 110 किमी वेगाने जवळ येत आहे, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या आडव्या, म्हणजे आपल्या दिशेशी काटकोनात सरकण्याच्या, वेगाचा. तो लहान आहे, मोजायला अवघड आहे आणि सगळे भवितव्य त्यावरच टांगलेले आहे.

‘टक्कर’ हा शब्दही मला खटकतो. सूर्य एक सेंटिमीटरचा काबुली चणा मानून तो इंदूरच्या राजवाड्यापाशी ठेवला, तर सर्वात जवळचा तारा त्याच प्रमाणात सुमारे 290 किमीवर, म्हणजे जवळपास वडोदऱ्याला ठेवावा लागेल. इतक्या विरळ वस्तीत कोण कोणावर आदळणार?

सुदामानगरकर (निवृत्त अध्यापक, भौतिकशास्त्र)

आपला चणा आवडला, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. ताऱ्यांऐवजी दीर्घिका घ्या. आकाशगंगेचा व्यास सुमारे 1 लाख प्रकाशवर्षे आणि देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे एक फुटाचे ताट आणि त्यापासून पंचवीस फुटांवर दुसरे. पंगतीत ताटे याहून जवळ असतात हे मान्य, तरी चण्यांच्या मानाने ही दाटीच म्हणायची. म्हणूनच तारे आदळत नसले तरी दीर्घिका वारंवार एकमेकींत शिरतात.

शिवाय ताऱ्यांमधल्या वायूला आपण विसरलात. तारे एकमेकांना चुकवून निघून जातात, पण वायूचे मेघ अवाढव्य पसरलेले असल्यामुळे खरोखरच भिडतात, दाबले जातात आणि त्यांतून नव्या ताऱ्यांचे पेव फुटते. हस्त तारकासमूहातील ‘अँटेनी’ नावाच्या दीर्घिकांच्या जोडीत आज हेच चालले आहे. तिथे ‘टक्कर’ म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

विलीन होण्यामागचे कारण तर याहूनही सुंदर आहे. जड दीर्घिका दुसरीच्या ताऱ्यांमधून आणि कृष्णद्रव्यातून (न दिसणाऱ्या, पण गुरुत्वाकर्षणाने ओढणाऱ्या द्रव्यातून) जाताना ती आजूबाजूचे सारे आपल्यामागे ओढून घेते. मागे जमलेली ही गर्दी तिलाच उलट खेचते आणि तिचा वेग खर्ची पडतो. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1943 मध्ये हे ‘गतिकीय घर्षण’ मांडले. एकदा आरपार निघून गेलेली दीर्घिका त्यामुळेच परत फिरते, पुन्हा शिरते आणि शेवटी तिला बाहेर पडण्याइतकी ऊर्जाच उरत नाही. त्याआधी, 1941 मध्ये, संगणक नसताना स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी ताऱ्यांच्या जागी 74 विजेचे दिवे टेबलावर मांडून दीर्घिकांच्या भेटीचा असाच प्रयोग केला होता, कारण गुरुत्वाकर्षणाप्रमाणे प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. मुलांना हे सांगा. शक्यता निम्मी की पूर्ण, हा त्यापुढे किरकोळ प्रश्न आहे.

माळवी

मला आपल्या दोघांचेही पटत नाही. आपण दोघे भविष्याकडे डोळे लावून बसला आहात, पण विलीनीकरण आपल्या घरात होऊनही गेले आहे. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींवरून 2018 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, सुमारे 8 ते 11 अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आकाशगंगेत विरघळली. तिचे तारे आजही इतरांसारखे गोल फिरत नाहीत. ते केंद्राकडे झेपावतात आणि पुन्हा दूर जातात. धनू राशीच्या दिशेची खुजी दीर्घिका, जिचा शोध 1994 मध्ये लागला, ती तर आपल्या डोळ्यांदेखत उसवते आहे.

लोकमान्यनगरकर

माळवी, हे मान्य, आणि मला वाटते माझी बाजू त्यामुळे बळकटच होते. सुदामानगरकर सर, वायूचा मुद्दा मी सोडला होता, ही चूक कबूल. पण ‘किरकोळ’ या शब्दाला माझी हरकत कायम आहे. दोन सर्पिल दीर्घिका मिळून शेवटी एक लंबगोलाकार दीर्घिका होते, असे अजूनही सर्रास सांगितले जाते, कारण ताऱ्यांची शिस्तबद्ध परिभ्रमणे विस्कटतात. ते पुष्कळदा खरे आहे. मात्र वायू भरपूर असेल तर तो पुन्हा स्थिरावून नवी तबकडी रचू शकतो. निकाल वायू किती, वस्तुमानांचे प्रमाण काय आणि दिशा कोणती यावर ठरतो. ‘शक्यता’ हा शब्द मुलांपासून लपवला, तर हे सारे समजावणार कसे?

सुदामानगरकर

लपवू नये, हे मला मान्य आहे. मात्र ज्या अभ्यासाचा आपण आधार घेतलात, त्याच अभ्यासानुसार मोठा मॅगेलनी मेघ सुमारे 2 अब्ज वर्षांत आकाशगंगेत विलीन होणे जवळपास निश्चित आहे. तो इंदूरहून दाखवता येत नाही, कारण त्याचा मध्यभाग आपल्या क्षितिजावर कधी येतच नाही, ही मात्र पंचाईत. देवयानीचे तसे नाही. ती आपल्याकडे जवळपास डोक्यावरून जाते. पुढच्या अमावास्येला मुलांना घेऊन इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर जाऊ. कोजागिरीची रात्र मात्र ठरवू नका; त्या चांदण्यात तो पुसट डाग दिसायचा नाही आणि मुले मसाला दुधावरच समाधान मानतील.