बर्फाखालचा बर्फ: पडला, पडलं की पडली?

उनाडटप्पू
फेब्रुवारीत आम्ही पाच जण (कॉलेजपासूनचे, आता सगळे पन्नाशीच्या उंबऱ्यावर) आठवडाभर गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो होतो. सोसायटीच्या अंकासाठी त्याबद्दल लिहितोय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडकलोय.

प्रसंग असा. पहिले तीन दिवस गोल्फच्या मैदानावरच्या शिकाऊ उतारावर गेले. चौथ्या दिवशी गोंडोलामध्ये बसून (रोपवेचा बंद पाळणा) पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरला गेलो. उंची सुमारे ३,००० मीटर. रात्री पडलेला ताजा, मऊ थर वर होता. त्याच्या खाली, आदल्या दुपारी उन्हानं वितळून रात्री पुन्हा गोठलेला काचेसारखा थर. स्कीनं वरचा थर बाजूला झाला, खालच्यावर स्कीची कड काही रुतेना, आणि मी उताणा, डोकं उताराकडे, थेट एका स्लेजवाल्याच्या पायात.

लिहिलं होतं, 'बर्फाखाली बर्फ होता म्हणून मी पडलो.' बायको म्हणाली, हे काय कोडं आहे? इंग्रजीत स्नो वेगळा, आइस वेगळा. मराठीत दोन शब्द आहेत का? पुढे 'रात्रभर बर्फ पडली' असंही लिहिलं होतं. त्यावरून आत्यानं फोनवर झापलं ते वेगळंच: "अरे, बर्फ पडतो. पडली काय!"

तिखटमीठ
आत्यांचं बरोबर. बर्फ आणला, बर्फ फोडला, बर्फ संपला. सरळ पुल्लिंगी. हिंदीत 'बर्फ गिरी' म्हणतात, ते ऐकून ऐकून 'बर्फ पडली' झालंय. आठवडाभर काश्मीरला राहिलात की जीभ थोडी घसरणारच.

दगडफूल
आमच्याकडे 'बर्फ पडलं'. आजी रत्नागिरीची. मासळीवर 'बर्फ घातलं' असंच म्हणायची.

तिखटमीठ
'ते बर्फ'? पहिल्यांदाच ऐकतोय.

दगडफूल
मग एकदा पहाटे रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, मिरकरवाड्याला जाऊन उभे राहा. मिळेल ऐकायला.

कोरा_कागद
लिंग राहू द्या, मुळात शब्दच परका आहे. बर्फ फारसी. आपल्याकडे 'हिम' असताना तो का वापरायचा? आकाशातून पडतं ते हिम, कारखान्यात होतो तो बर्फ. प्रश्न मिटला. 'हिमाखाली बर्फ होता म्हणून मी पडलो.' सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसले होते. आज कोण हसतं?

मधलीसुट्टी
कोरा_कागद, एक प्रयोग करा. उद्या घरी मोठ्यानं म्हणा, 'अहो, बाहेर हिम पडतंय.' घरचे आधी तुमचं कपाळ बघतील, मग खिडकी.

हिमवृष्टी, हिमनदी, हिमस्खलन, हिमालय, सगळं चालतं. हिम समासात सुखी आहे, त्याला एकटा बाहेर काढला की तो नाटकात शिरतो. बर्फाचं उलट आहे. त्याला विभक्ती लावा, विशेषण करा (बर्फाळ), संस्कृतच्या गळ्यात घाला (बर्फवृष्टी), कुठेही रुळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पारा उतरला की वर्तमानपत्रं 'हिमकण' छापतात. तिथला टपरीवाला मात्र 'दव गोठलं' म्हणतो. आणि ते जास्त अचूक आहे, कारण तिथे वरून काही पडलेलंच नसतं.

शिवाय तुमच्या व्याख्येनं उनाडटप्पू पडले तो थर कुठल्या कारखान्यात तयार झाला होता?

सातबारा
😂

बोरूबहाद्दर
दोन शब्द नाहीत याचं नवल नको वाटायला. देशावरच्या किंवा कोकणातल्या माणसानं आकाशातून पडणारी फक्त गार पाहिली, आणि तिला शब्द आहेच. गारपीटही आहे. बाकीचा जो बर्फ मराठी माणसाला भेटला तो बाजारात, तोही लादीच्या रूपात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात भरून जहाजानं आपल्याकडे यायचा. कलकत्त्याला पहिली खेप १८३३ साली उतरली, मुंबईलाही नंतर बर्फघर झालं. पुढे कारखाने आले, मग लादी, टोचा, गोणपाट, किसणी, गोळा. म्हणजे आइस आपल्या ओळखीचा, स्नो पाहुणा. पाहुण्याला आपण ओळखीच्याच नावानं हाक मारली, इतकंच.

तिखटमीठ
आणि तुमच्याच यादीत 'लादी' स्त्रीलिंगी. 'बर्फाची लादी' म्हणता म्हणता 'बर्फ पडली' झालं असेल का? छे, मीच माझं खोडतो. हिंदीच.

उणेवीस
टोरांटोत अठरा वर्षं आहे. इथल्या मराठी घरांत प्रश्न केव्हाच सुटलाय. 'स्नो पडला', 'ड्राइव्हवेचा स्नो काढायचाय', 'पायरीवर आइस आहे, जपून.' बर्फ म्हणजे फ्रीजमधला, सरबतात घालायचा. तीन शब्द, तीन कामं. तुमचं वाक्य माझी मुलगी म्हणेल, 'स्नोखाली आइस होता म्हणून काका पडले.' मला तरी हे मराठीच वाटतं.

कोरा_कागद
हे मराठी? यात मराठी आहे ते फक्त 'खाली' आणि 'पडले'.

उणेवीस
क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय मराठी असलं की वाक्य मराठी. 'टेबलाखाली पेन पडलं' यात तरी दुसरं काय आहे?

मावशीबोली
मराठीच हवं असेल तर 'हिंव' घ्या ना. हिमचंच घरगुती रूप. हिवाळा, हिवताप सगळे त्याच कुळातले.

सातबारा
आमच्याकडे (जुन्नर) 'हिंव भरलं' म्हणजे माणूस कुडकुडायला लागला. 'रात्रभर हिंव पडलं' लिहाल तर लोक म्हणतील, गोधडी घ्यायची होती.

पोथीपुराण
काश्मिरी काय म्हणतात ते कुणी विचारलंच नाही. स्नो म्हणजे 'शीन'. संस्कृतात 'शीन' म्हणजे थिजलेलं, गोठलेलं. मोसमातला पहिला शीन पडला की एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. आइसला 'यख', तो फारसी. वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना 'शिशरगांठ', म्हणजे त्यात आपला शिशिर आहे. थंडीच्या टप्प्यांनाही नावं आहेत: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा. ज्यांच्या अंगणात पडतो त्यांच्याकडे शब्द असतात. आपला 'शीण' यातलाच असावा, थंडीनं माणूस थिजतो तसा.

बोरूबहाद्दर
'शीण'पर्यंत ठीक चाललं होतं.

पोथीपुराण
बरं, तो मागे घेतो. पण 'स्की' ऐका. नॉर्वेचा शब्द. जुन्या नॉर्समध्ये 'स्कीध' म्हणजे चिरलेल्या लाकडाची फळी. मूळ धातू आपल्या 'छिद्'चा भाऊ. तेव्हा स्कीला मराठी प्रतिशब्द आयता तयार आहे: चिरफळी!

उनाडटप्पू
कोंगदूरला चिरफळ्याच उडाल्या होत्या, तेव्हा हरकत नाही.

पण गाडी रुळावर आणू का? थर दोन आहेत, शब्द एक आहे. आणि आता दुसरी अडचण. 'आम्ही दिवसभर घसरत होतो' असं लिहिलंय. मुद्दाम घसरलो आणि चुकून घसरलो यांत फरक कसा करायचा?

मधलीसुट्टी
'घसरणे' नका वापरू. मराठीत घसरण्यात माणसाची मर्जी नसते. पाय घसरतो, भाव घसरतात, जीभ घसरते. मर्जीनं घसरतात ती फक्त पोरं, घसरगुंडीवर. 'आम्ही पन्नाशीचे पाच जण दिवसभर घसरत होतो' वाचून सोसायटीत वेगळाच अर्थ निघेल.

दगडफूल
'स्की करत होतो.' संपलं.

कोरा_कागद
'हिमविहार करत होतो.'

तिखटमीठ
हे हॉटेलचं नाव वाटतं. शुद्ध शाकाहारी.

सातबारा
मला एक सांगा, वेग कमी करायला पायांचा व्ही करतात, त्याला मराठीत काय म्हणालात? मी उत्तराखंडात औलीला स्कीइंग शिकायला गेलो होतो तेव्हा आमचे सर 'पिझ्झा बनाओ, पिझ्झा' असं ओरडायचे.

उनाडटप्पू
आम्हालाही पिझ्झाच. पुस्तकी नाव स्नोप्लाउ, म्हणून मी 'बर्फनांगर' लिहिलंय.

सातबारा
नांगर नाही हो. नांगर जमीन फाडतो, ढेकूळ उलटं करतो. इथे बर्फ दोन्ही अंगांना सारला जातो. ते काम रिजरचं, उसाची सरी पाडतो ना, तो. तोंड निमुळतं, मागे पंख पसरलेले, अगदी तुमच्या स्कीसारखे. 'सरी धरली' म्हणा. निदान शेतकऱ्याला तरी कळेल.

मावशीबोली
सोसायटीत शेतकरी किती?

सातबारा
कळलं. मग 'चवडे आत, टाचा बाहेर' लिहा. आम्हाला पिझ्झानं नाही कळलं तेव्हा सरांनी शेवटी पाय हातात धरून हेच करून दाखवलं.

दगडफूल
मूळ प्रश्नावर माझे दोन पैसे. शब्द बर्फच ठेवा, विशेषणं स्वयंपाकघरातून आणा. वरचा पिठीसाखरेसारखा, खालचा खडीसाखरेसारखा. उन्हानं दुपारी होतो तो रवाळ. 'पिठीखाली खडी होती म्हणून पडलो.' हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला कळेल. पुरुषांनाही, डबे भरत असतील तर.

उनाडटप्पू
हे आवडलं! तिसऱ्या दिवशीच्या दुपारचा अगदी रवाळच होता, बुटात जाऊन शिरा व्हायचा.

कोरा_कागद
'हिमपिठी' असं करता येईल.

मधलीसुट्टी
नको.

बोरूबहाद्दर
विशेषण चांगलं आहे, पण पेच तसाच राहतो. पुढच्या परिच्छेदात 'बर्फ' आला की कुठला, ते पुन्हा सांगावं लागेल. दर वेळी साखर घालणार का?

उणेवीस
म्हणून म्हणतो, स्नो.

तिखटमीठ
उनाडटप्पू, तुमचा मूळ मजकूर पुन्हा वाचला. 'गोंडोलामध्ये बसून' का? किल्ला-किल्ल्यात, टांगा-टांग्यात, तसं 'गोंडोल्यात बसून' हवं.

उनाडटप्पू
परदेशी शब्द आहे म्हणून सामान्यरूप टाळलं. व्हेनिसचा ना तो?

तिखटमीठ
सोडा परदेशी आहे म्हणून 'सोडामध्ये लिंबू पिळलं' म्हणता का? सोड्यातच पिळता ना?

दगडफूल
आमच्याकडे 'ती गोंडोला'. 'दहा वाजताची गोंडोला चुकली.'

तिखटमीठ
रत्नागिरीला गोंडोला कधी आली?