सिक्स सिग्मा: ग्रीन बेल्टवर भागेल की ब्लॅक बेल्ट लागेलच?

जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटयांच्या लहान कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. धाग्याची जाडी कमीजास्त येते, लूमवर तुटतो, वेस्टेज वाढतं. म्हणून शेठनी सिक्स सिग्मा (आकडे मोजून कामातले दोष कमी करायची पद्धत) मनावर घेतलंय. (यात ट्रेनिंगच्या पायऱ्यांना यलो, ग्रीन, ब्लॅक बेल्ट म्हणतात; ती नावं ऐकून पोरं विचारतात, कराटेचा क्लास कधीपासून?)

शिफ्ट सुपरवायझरांचं यलो बेल्टचं ट्रेनिंग झालंय. पॅरेटो (कुठल्या कारणानं किती नुकसान, याचा उतरत्या क्रमाचा तक्ता) काढला, धाग्याची जाडी हाच विषय पक्का केला. डीएमएआयसीत (व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण हे पाच टप्पे) मोजमापाच्या टप्प्यावर अडलोय: एकच तुकडा दोन ऑपरेटर मायक्रोमीटरनं मोजतात आणि आकडे वेगळे येतात. गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक पडतो याची चाचणी) आधी करावं लागणार हे कळतंय, पण निकाल वाचून पुढे काय करायचं ते सांगणारं इथे कोणी नाही.

बजेट एकाच माणसापुरतं आहे. मिनिटॅब (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) नाही, एक्सेल आहे. तीन शिफ्ट चालतात, त्यामुळे संध्याकाळचा ऑनलाइन क्लासच जमेल. एएसक्यू या अमेरिकेतल्या क्वालिटी संस्थेच्या ग्रीन बेल्टला लागणारा तीन वर्षांचा अनुभव आहे. ब्लॅक बेल्टला पूर्ण केलेल्या प्रोजेक्टचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते आत्ता देता येणार नाही. क्लासवाले मात्र सरसकट ब्लॅक बेल्टच गळ्यात मारतात.

चॅम्पियन (प्रोजेक्टला वरून पाठबळ देणारा) शेठच राहतील. प्रोसेस ओनर (ती प्रक्रिया रोज सांभाळणारा) मात्र एक्स्ट्रूजनचा, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून धागा काढतात तिथला, फोरमन असावा, असं माझं मत. शेठ म्हणतात, प्रोजेक्ट लीडर तू आहेसच, तेही तूच हो.

ज्यांनी लहान युनिटमध्ये हे केलंय त्यांनी सांगा भाऊ: मी ग्रीन बेल्ट करून नाशिक-पुण्याचा ब्लॅक बेल्टवाला माणूस फक्त मार्गदर्शनाला घेतला तर चालतं का, आणि प्रोजेक्ट लीडर नि प्रोसेस ओनर एकच माणूस असला तर नेमकं कुठे अडतं?