सूचना न वाचताच मुलं पेपर सोडवायला घेतात, काय करावं?

प्रश्न: आठवीचा वर्ग. 'कोणतेही तीन सोडवा' असतं तिथे पाचही सोडवतात, 'चुकीचा पर्याय निवडा' म्हटलं की बरोबर पर्यायावर खूण करतात. 'नीट वाचा' असं सांगून काही फरक पडत नाही. वर्गात नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर १: 'नीट वाचा' म्हणजे काय, हे मुलांना कळतच नाही. हाताला काम द्या. पहिली दोन मिनिटं फक्त पेन्सिल. क्रियापदाखाली रेघ (सांगा, कारण द्या, तुलना करा), आकड्याभोवती गोल, 'नाही', 'चुकीचा', 'वगळता' यांभोवती चौकट. चौकट सगळ्यात महत्त्वाची, कारण नकार नजरेतून हमखास निसटतो.

उत्तर २: मूळ गोची अशी की ओळखीचा शब्द दिसला की वाचन तिथेच थांबतं. 'प्रकाशसंश्लेषणासाठी हरितद्रव्य का लागते?' यातलं 'का' राहून जातं आणि पाठ केलेली व्याख्या उतरते. म्हणून आठवड्यातून एकदा दहा प्रश्न द्या, उत्तरं लिहायची नाहीत. प्रत्येकापुढे काय मागितलंय आणि किती, एवढंच चार शब्दांत.

उत्तर ३: तपासताना सूचनेमुळे गेलेल्या गुणांपुढे समासात 'सू' लिहा, बेरीज मुलांनाच करू द्या. वर 'आधी सगळं वाचा' आणि अगदी शेवटी 'काहीच लिहू नका' अशी सूचना लपवलेली फसवी चाचणी मात्र नको. ती एकदाच चालते, आणि फसलेलं मूल शिकण्याऐवजी खजील होतं.