गाड्यांच्या शेडमधले कार्यक्रम : गाणाऱ्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही

चौथी_तार यांचा प्रश्न

आम्ही चौघे गेली दीड वर्षे एकत्र वाजवत आहोत. दोन गिटार, एक बेस आणि ड्रम्स असा आमचा संच असून गाण्याची बाजू आम्ही दोघे गिटारवाले सांभाळतो. नवख्या रॉक बँडला रीतसर सभागृह मिळणे अवघड, म्हणून एका परिचितांच्या गाड्या ठेवण्याच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही आतापर्यंत दोन कार्यक्रम केले. शेड साधारण ७ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. तिन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती आहेत, समोर लोखंडी शटर आहे आणि मागे एक लहान दार आहे, जे सध्या कुलूपबंद असते. दोन्ही वेळा तीसेक श्रोते आले आणि दोन्ही वेळा तक्रार एकच होती, की शब्द कळत नाहीत. माइकचा आवाज वाढवला की शिट्टी सुरू होते. बेसच्या एका ठरावीक सुरावर, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या तिसऱ्या पट्टीपाशी), शटर थरथरते आणि तो एकच सूर घुमत राहतो. अधिक ताकदीचे स्पीकर भाड्याने आणावेत, की ही जागाच सोडावी?

मिक्सरमागचा यांचे उत्तर

कृपया मोठे स्पीकर आणू नका. अशा जागेत आवाजाची पातळी ठरते ती ड्रम्सवरून, कारण त्यांना आवाज कमी करण्याचे बटण नसते. ड्रमर जेवढ्या जोरात वाजवतो, त्यावर गिटारवाले आपापले अँप (वाद्याचा आवाज मोठा करणारे स्पीकरचे खोके) चढवतात, मग त्या सगळ्यावर गाणाऱ्याला चढायचे असते आणि तिथे, स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी आडवी येते. मोठा स्पीकर आणला तरी स्पीकर, माइक आणि भिंती यांच्यातले अंतर तेवढेच राहते, त्यामुळे शिट्टीही तशीच राहते.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करावी. आधी माइकचा आवाज शिट्टी येण्याच्या थोडा अलीकडे नेऊन थांबवावा आणि ती मर्यादा मानून बाकी सगळ्यांनी तिच्याखाली वाजवावे. ड्रमरला जाड काठ्यांऐवजी बारीक कांड्यांची जुडगी असलेल्या काठ्या देऊन पाहाव्यात. सुरुवातीला तो रागावेल, पण फरक मोठा पडतो. गिटारचे अँप जमिनीवर ठेवले की आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आणि पहिल्या रांगेवर आदळतो. वाजवणाऱ्याला स्वतःचेच ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी वाढवतो. अँप मागे तिरपा करून त्याच्या कानाकडे रोखावा, म्हणजे तो आपण होऊन कमी करील.

गाताना ओठ माइकच्या जाळीला जवळजवळ टेकलेले असावेत. तोंडापासून माइकचे अंतर निम्मे केले की गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मात्र खोलीतला गोंगाट तेवढाच राहतो. ३० सेंटिमीटरवरून साडेसातवर आलात तर कोणतेही यंत्र भाड्याने न आणता १२ डेसिबल मिळतात. गाणाऱ्यासाठीचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचे ऐकू यावे म्हणून त्याच्याकडे वळवलेला स्पीकर, कुठे ठेवावा हे माइकच्या जातीवर, म्हणजे तो कोणत्या दिशेने किती ऐकतो यावर ठरते. कार्डिऑइड माइक नेमका पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, तर सुपरकार्डिऑइडच्या बहिऱ्या जागा मागे थोड्या तिरक्या, समोरच्या दिशेपासून सुमारे १२६ अंशांवर असतात. माइकची जात न पाहता मॉनिटर मांडणे हे निम्म्या शिट्ट्यांचे कारण असते.

आता तुमचा घुमणारा सूर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ७ मीटर लांबीच्या खोलीची पहिली अनुनाद-वारंवारता (ज्या सुराला खोली आपोआप घुमते ती) २४.५ हर्ट्झ आणि दुसरी ४९ हर्ट्झ येते. नेहमीच्या जुळणीत बेसच्या त्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूरही बरोबर ४९ हर्ट्झचाच असतो. थोडक्यात, तुमचा बेसवादक निर्दोष आहे! बेसचा अँप मागच्या भिंतीला चिकटवलेला असणार, असा माझा कयास आहे. भिंतीपाशी ठेवलेला स्पीकर हा अनुनाद सर्वाधिक चेतवतो. तो लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढे आणला, तर दुसरा अनुनाद फारसा चेतणार नाही.

जुन्या_तबकड्या यांचे उत्तर

तांत्रिक बाजू वर उत्तम मांडली आहे. जागा सोडण्याच्या प्रश्नावर मात्र माझे मत स्पष्ट आहे : सोडू नका.

पुढे बीटल्स म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलांनी २९ ऑगस्ट १९५९ रोजी लिव्हरपूलमध्ये एका घराच्या तळघरात, कॅसबा नावाच्या कॉफी क्लबच्या उद्घाटनाला वाजवले, तेव्हा जॉर्ज हॅरिसन १६ वर्षांचा होता आणि त्यांच्याकडे ड्रमरच नव्हता (वरच्या उत्तरातला निम्मा प्रश्न आपोआप सुटलेला). पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या इंद्रा क्लबमध्ये रात्रीमागून रात्र, कित्येक तास वाजवू लागले. तिथे त्यांना दाद देणारे श्रोते थोडे होते. शेजारपाजाऱ्यांच्या तक्रारींमुळे ते संगीत बंद पडले आणि त्यांना दुसऱ्या क्लबमध्ये हलवावे लागले. डब्लिनमध्ये १९७९ साली यू-टू या बँडने डँडेलियन मार्केटच्या आवारात दुपारचे कार्यक्रम केले, कारण त्यांच्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना वयामुळे पबमध्ये प्रवेशच नव्हता.

या जागांपैकी एकही संगीतासाठी बांधलेली नव्हती. मला यातले महत्त्वाचे वाटते ते त्याच जागेत पुन्हा पुन्हा वाजवणे. दर वेळी नवी जागा घेतली की दर वेळी नवा गोंधळ होतो, आणि चूक आपली की खोलीची हे कधीच कळत नाही. तुमच्या तक्रारी दोन्ही वेळा सारख्याच आल्या, हे मी चांगले लक्षण मानतो. एक सूचना इंद्राच्या अनुभवावरून करतो : पुढच्या कार्यक्रमाआधी शेजाऱ्यांना स्वतः भेटा, संपण्याची वेळ सांगा आणि ती पाळा.

फ्यूज_उडाला यांचे उत्तर

वरच्या दोघांनीही एका वाक्याकडे दुर्लक्ष केलेले दिसते : मागचे दार कुलूपबंद असते. तीस माणसे, एकच शटर आणि शटरच्या बाजूलाच श्रोते किंवा सामान, अशी मांडणी असेल, तर गाण्याचे शब्द कळण्याचा प्रश्न नंतरचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये २ डिसेंबर २०१६ रोजी एका गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. तेही राहण्या-वाजवण्यासाठी जुळवून घेतलेलेच ठिकाण होते. घुमण्यावर उपाय म्हणून कोणी भिंतींना पॅकिंगचा फोम चिकटवायला सांगेल, तर ऐकू नका. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी एका क्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने असाच फोम पेटला आणि १०० जणांचे प्राण गेले. मागचे दार उघडे ठेवा, त्याच्यासमोर ड्रम्सच्या रिकाम्या पेट्या रचू नका आणि जनरेटर लागलाच तर तो बाहेर, दारापासून दूर ठेवा.

विजेबद्दलही लिहितो. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत त्या दोन्हींतून विजेचा मार्ग तुमच्या शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्झी येथे मंचावरच, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून गेला. सर्व अँप आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या जोडणीवर घ्या, आणि ती जोडणी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. गुणगुण बऱ्याचदा त्यानेच कमी होते.

आणि कानात बोळे घाला. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पण १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. तुमचा सराव त्याहून बराच लांबत असेल.

चौथी_तार

सर्वांचे आभार. मागच्या दाराची किल्ली मिळाली आहे आणि कार्यक्रम संपेपर्यंत आमच्यापैकी एकाचा भाऊ तिथे उभा राहणार आहे. काल बेसचा अँप पुढे आणून पाहिला. शटर अगदी गप्प झाले नाही, पण तो सूर आता इतरांसारखा वाटतो. गाणेही स्पष्ट झाले. मात्र रिकाम्या शेडमध्ये झांजांचा आवाज अजून कानाला टोचतो. मिक्सरवर तीव्र स्वर बरेच कमी करावेत का?

मिक्सरमागचा

झांजांसमोर माइक नसेल, तर मिक्सरवर तीव्र स्वर कमी करून त्यांना काहीच होणार नाही. गाण्यातली व्यंजने तेवढी बोथट होतील आणि शब्द पुन्हा कळेनासे होतील. तसेच ठेवा. माणसांची शरीरे आणि कपडे तीव्र स्वर भरपूर शोषतात, त्यामुळे तीस जण आत आले की आत्ता टोचते ते बरेचसे निवळेल. खर्जाचे स्वर मात्र माणसे फारसे शोषत नाहीत, म्हणून बेसची पातळी काल ठरवली तीच ठेवा. पहिले गाणे असे निवडा, ज्यात गायन कमी आणि वाजवणे जास्त आहे. तेवढ्या चार मिनिटांत तुमच्यापैकी न वाजवणाऱ्या कोणीतरी खोलीच्या मधोमध उभे राहून गळ्याचा माइक भरलेल्या शेडप्रमाणे बसवून घ्यावा.