पेनड्राइव्हवर आयएसओ फाइल ठेवूनही लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही

प्रश्न
माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. विंडोज ११ नव्याने टाकण्यासाठी मी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घेतली. ती पेनड्राइव्हवर ठेवताना फाइल फार मोठी असल्याचा संदेश आला, म्हणून पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (फाइल्स साठवण्याची विंडोजची एक पद्धत) फॉरमॅट करून फाइल कॉपी केली. तरीही बूट मेन्यूत (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीत) पेनड्राइव्हचे नाव दिसत नाही. पेनड्राइव्ह खराब आहे, की माझे काही चुकते आहे?

प्रतिसाद १
पेनड्राइव्ह बहुधा ठीक आहे. आयएसओ ही एका संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते आणि लॅपटॉपचे यूईएफआय फर्मवेअर (लॅपटॉप चालू होताच सर्वांत आधी चालणारी अंगभूत प्रणाली) त्या फाइलच्या आत डोकावत नाही. ते पेनड्राइव्हवरील ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक बूट फाइल शोधते. शिवाय हा शोध ते प्रामुख्याने फॅट या दुसऱ्या साठवण पद्धतीच्या विभाजनावर (पार्टिशनवर) घेते, त्यामुळे एनटीएफएस केल्याने अडचण वाढली. आता फॅट३२ या फॅटच्याच प्रकारावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल राहत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधील मुख्य इन्स्टॉल फाइल अनेकदा याहून मोठी असते. म्हणजे फाइल्स बाहेर काढून हाताने कॉपी करण्याचा मार्गही येथे अडखळतो. रुफस हे साधन पेनड्राइव्हवर एनटीएफएस विभाजनासोबत एक छोटे फॅट विभाजन तयार करून हा पेच सोडवते. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल वापरल्यास एवढाही विचार करावा लागत नाही. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो.

प्रतिसाद २
वरील उत्तर योग्यच आहे, पण प्रश्नकर्त्याची मूळ कल्पना अगदीच चुकीची नव्हती. व्हेंटॉय हे साधन एकदा पेनड्राइव्हवर बसवले की आयएसओ फाइल जशीच्या तशी कॉपी करता येते, आणि अनेक फाइल्स ठेवल्यास सुरुवातीला निवडीची यादी मिळते. मात्र सिक्युअर बूट (फक्त विश्वासू ठरवलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी लॅपटॉपची सोय) चालू असल्यास व्हेंटॉयची नोंदणी पहिल्या वेळी करावी लागते, म्हणून एकदाच काम करायचे असेल तर मी मीडिया क्रिएशन टूलच सुचवेन.

प्रश्नकर्ता
मीडिया क्रिएशन टूलने काम पुढे गेले. परंतु आता हार्ड डिस्क निवडताना, तिच्यावर एमबीआर या जुन्या प्रकारची विभाजन सारणी (डिस्कच्या विभाजनांची नोंद) असल्यामुळे विंडोज तेथे बसवता येणार नाही, असे सांगितले जाते. माझ्या सर्व फाइल्सची प्रत मी दुसरीकडे ठेवलेली आहे.

प्रतिसाद १
पूर्वीचे विंडोज यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोस पद्धतीने बसवलेले असावे. यूईएफआय पद्धतीने सुरू झालेल्या इन्स्टॉलरला जीपीटी ही नव्या प्रकारची सारणी लागते. प्रत सुरक्षित आहे याची एकदा खात्री करून त्या डिस्कवरील सर्व विभाजने काढून टाका आणि उरलेली रिकामी जागा निवडून पुढे जा. इन्स्टॉलर स्वतःच जीपीटी करून घेतो. दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्हही त्याच यादीत दिसतो, तेव्हा आकार पाहूनच हात घाला. पहिल्यांदा लॅपटॉप पुन्हा सुरू होईल तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या, अन्यथा बूटक्रमात तो वर असल्यास इन्स्टॉलर पुन्हा पहिल्या पानावर येईल.